मावशीचा पायगुण आणि कुर्ल्यांचा व्हाळ

मावशी श्रावणात आमच्या खोलीवर आली ती पत्र्याची ट्रंक घेऊन. माहेरपणाला आलेली बाई पिशवी घेऊन येते. ट्रंक घेऊन येते ती परत न जाण्यासाठी, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. आईला तर दारातच कळलं. हातातलं लाटणं तसंच धरून तिनं विचारलं, "काय झाला गो?"

"माझो पायगुण वायट आसा म्हणतत," मावशी म्हणाली, आणि त्या ट्रंकेवरच बसून रडायला लागली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. मूल नव्हतं. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते, घरात बोलणं सगळं मालवणी. आणि दिवस होते संयुक्त महाराष्ट्राचे. नळावर, गॅलरीत, ट्रामच्या रांगेत, दुसरा विषयच नाही. वडील मोर्च्याहून घसा बसवून यायचे आणि मग दोन दिवस घरात खुणांनी बोलायचे. त्या दिवशीही त्यांनी मावशीकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि आईला हातानंच खूण केली, आधी चहा टाक. अजून आठवलं की माझा ऊर भरून येतो. टाकलेली बाई घरात ठेवायची म्हणजे तेव्हा लोकांच्या तोंडाला खाद्य होतं. त्या माणसानं कपाळाला आठी घातली नाही.

आता सासर कुठलं, ते सांगते. शीव कोळीवाड्याच्या पलीकडे खाडीकडे उतरणारी एक डोंगरी होती, तिच्या पायथ्याशी चार घरांची वाडी. मावशीचा नवरा, म्हणजे आमचे काका, मिठागरावर मुकादम. घरात काका, मावशी आणि काकांची आई. तिला आम्ही सगळे म्हातारीच म्हणायचो, तोंडावरसुद्धा. आणि डोंगरीवर जंगल होतं. हो, जंगल! आजच्या पोरांना सांगितलं की शीवच्या पुढे ऐन, किंजळ आणि कुड्याचं रान होतं, तर ती माझ्याकडे असं बघतात, जसं काही माझ्या गोळ्या घ्यायच्या राहिल्यात.

त्या रानात वरच्या कातळाच्या फटीतून पाणी निघायचं आणि झाडांखालून वाडीपाशी यायचं. आमच्या बोलीत त्याला व्हाळ म्हणतात, तुमचा ओढा. म्हातारी आमच्याच गावाकडची, म्हणून मावशीच्या लग्नाआधीपासून आमचं तिथे येणं-जाणं होतं, आणि लहानपणी सुट्टीत मी जायची ती त्या व्हाळासाठी. पाण्यात पाय सोडले की बारके मासे येऊन बोटांना टोचायचे. बेडकांनी तर उच्छाद मांडलेला असायचा. आणि दगडागणिक कुर्ल्या, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे. म्हातारी बिळात सरळ हात घालायची. कुर्ली बोटाला लटकलेली असायची आणि ही तिच्याशी बोलायची, "सोड गो मेल्ये, आता काय उपयोग?" तिच्या हातचं कुर्ल्यांचं सार खाल्लं की नाकातोंडातून पाणी यायचं आणि तरी वाटी पुढे करावीशी वाटायची. वाडीत तिचा मान होता तो त्या सारामुळे. दुरून माणसं खायला यायची.

मग व्हाळाचं काहीतरी बिनसलं. एका दिवसात नाही. आधी दगडांवरच्या गोगलगायी गेल्या. राहिल्या होत्या त्यांचे शंख बोटानं दाबले तरी फुटत. मग कुर्ल्यांचं तसंच. कुर्ली वाढताना जुनं कवच टाकते आणि नवं हळूहळू कडक होतं. ते कडकच होईना. मऊ, ओल्या कागदासारखं राही, आणि तशीच ती मरून पडे. बेडकांची अंडी पांढरी पडून वाहून जाऊ लागली. खायलाच काही उरलं नाही म्हटल्यावर खंड्या पक्षीही गेला. पाणी मात्र काय सुंदर झालं म्हणून सांगू! काचेसारखं. तळाशी पडलेलं पानन् पान दिसायचं. गेल्या वर्षीची पानंसुद्धा तशीच, कुजायचं नावच नाही. नवखा पाहुणा ओंजळ भरून म्हणायचा, वा, काय शुद्ध पाणी आहे! शुद्ध कसलं डोंबलाचं. त्यात काही जगत नव्हतं.

आणि हे सगळं लोकांच्या डोळ्यांवर आलं ते नेमकं मावशी लग्न होऊन तिथे गेल्यावर. झालं! वाडीतल्या बायकांना आणखी काय हवं? नवी सून आली आणि व्हाळ वांझ झाला. तिची कूसही उजवत नाही, व्हाळाचीही नाही. मावशी पाणी भरायला गेली की बाकीच्या आपल्या कळशा उचलून वर सरकायच्या. म्हातारी आधी त्यांना तोंडावर फटकारायची, हे मावशीनंच सांगितलं. म्हणजे ती काही उलट्या काळजाची नव्हती.

पण कुंकवानं घात केला. माझी आजी गावाहून घरी केलेलं कुंकू पाठवायची, हळदीत चुना कालवून केलेलं, लालभडक. मावशी तेच लावायची. एका सकाळी ती व्हाळावर तोंड धुऊन आली आणि म्हातारीनं पाहिलं, तर सुनेच्या कपाळावरचं कुंकू ओघळून पिवळं झालेलं. दुसऱ्या दिवशी तेच. पावसात भिजून आली, तेव्हाही तेच. म्हातारी तरुणपणीच विधवा झालेली, एकुलता एक मुलगा तिनं उपास काढून वाढवलेला. सुनेचं कुंकू आपोआप जातंय, म्हणजे कोणाचं आयुष्य जातंय, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं काकांना शपथ घातली. आणि आमचे काका! मिठागरावर शंभर माणसांवर ओरडणारा हा गडी आईपुढे मूग गिळून बसला. मावशीची ट्रंक त्यानंच उचलून बसमध्ये ठेवली. त्या ट्रंकेचा मला पुढे कित्येक वर्षं राग येत असे, आणि काकांचा त्याहून.

मावशी आमच्याकडे राहिली. काम करत राहायची, नको तेवढं. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची. आई काहीबाही बोलून तिला हसवायला बघायची, पण खोलीवर एक दडपण होतं. गावात एक टाकलेली बाई आईनं पाहिली होती. माहेरच्या माजघरात अशीच भांडी घासत म्हातारी झाली आणि मेली. आपल्या बहिणीचं तसं होणार, ही धास्ती आईच्या चेहऱ्यावर रोज दिसायची. ती परत आपल्या घरी जाईल की नाही, एवढा एकच प्रश्न त्या खोलीत होता, आणि तो कोणी विचारत नव्हतं.

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी आईनं हळदीकुंकू ठरवलं. खरं म्हणजे मावशीसाठीच. "माझ्या घरातली सवाशीण आसा ती. तिच्या हातान कुंकू लागांदे," असं तिनं गॅलरीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं. चाळीतल्या बायका आल्या. एकीनंही नाक मुरडलं नाही, हे मी त्यांचे उपकार समजते. मावशीनं सगळ्यांना आजीचं कुंकू लावलं. दुपारनंतर मोर्चा होता आणि त्यात बायकांनाही बोलावलं होतं, म्हणून सगळ्या तशाच, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि ओटीतले हरभरे खात, रस्त्यावर उतरल्या. आईनं मलाही घेतलं आणि मावशीलाही ओढलं. पुरुष पुढे, आम्ही मागे. वडील तर पार पुढे.

घोषणा चालू होत्या, आणि परळच्या बाजूनं बारीक पाऊस आला. तो पाऊस काही गावाकडच्यासारखा नव्हता. गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकत असायच्या आणि पाऊस त्यातूनच खाली यायचा. डोळ्यांत गेला की चुरचुरायचं. दांडीवरचे कपडे भिजून वाळले की त्यांवर काळे ठिपके, आणि सुती साड्या बघता बघता विरायच्या. पण पाऊस म्हटला की असाच, असं आम्हाला वाटायचं. दुसरा पाहिलाच कुठे होता?

मध्येच मावशी किंचाळली. तिनं आईच्या कपाळाकडे बोट दाखवलं. आईचं कुंकू पिवळं झालं होतं, ओघळ नाकापर्यंत आलेला. आईचा हात कपाळाला गेला, आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. पुढे पोलीस लाठ्या घेऊन उभे होते. आधी मोर्च्यांवर गोळ्या चाललेल्या होत्या, आमच्याच भागातली माणसं गेली होती. आणि वडील पहिल्या रांगेत. त्या क्षणी आईनं मावशीकडे जसं पाहिलं, ते मावशीनंही पाहिलं. ती दोन पावलं मागे सरकली. म्हणजे सख्ख्या बहिणीलाही क्षणभर तेच वाटलं, जे म्हातारीला वाटलं होतं.

पण लगेच शेजारच्या खोलीतली काकू ओरडली, "अगंबाई, माझंपण!" तिच्या पलीकडची, तिच्या पलीकडची, सगळ्यांची कपाळं पिवळी. एकीनं पदरानं झाकलं, एक रडायला लागली. आमच्याबरोबर समोरच्या चाळीतली एक बाई चालत होती. तिच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि तिनं कुंकू लावणंच सोडलं होतं. तिचं कपाळ मोकळं, पिवळं व्हायला काही नव्हतंच. ती सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली आणि म्हणाली, "काय गं, साऱ्याजणींनी एकदम कावीळ करून घेतली का?"

आईला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. भर मोर्च्यात, पावसात, गुडघ्यावर हात ठेवून ती हसत होती. "अगो, सगळ्यांचेच घोव मरतले काय? अख्ख्या लालबागचे?" रडणारी बाईसुद्धा हसायला लागली. मावशी हसली नाही. समोरच्या चाळीतल्या त्या बाईनं तिचा दंड धरला आणि साधेपणानं सांगितलं, "बाई, पायगुण-बियगुण काही नसतो. पाय चालायला असतात. चल." आणि तिला घेऊन ती पुढे चालायला लागली. तिचे उपकार मी कसे फेडू? ती गेली, तिचं घर गेलं, चाळही गेली.

हसली खरी, पण संध्याकाळी आई गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. एकेक घरधनी परत येत होता आणि खालून कोणीतरी ओरडून सांगत होतं, हा आला, तो आला. वडील सगळ्यांत शेवटी आले, घसा बसलेला, बाकी धडधाकट. आई तशीच वळली, पदर खोचला, एक काचेची बाटली धुतली आणि पत्र्याच्या पन्हळीखाली धरली. "आयतवारी मी शिवाक जातलंय," ती म्हणाली. वडिलांनी खुणेनं विचारलं, कशाला? "बिनपाण्यान करूक नाय जाणंय. पाणी घेऊन जातलंय."

रविवारी आम्ही तिघी निघालो. ट्रामनं दादरपर्यंत, पुढे बस, मग चालत. मावशी सारखी म्हणत होती, बाय, नको, उगीच शोभा होईल. आई ऐकणारी नव्हती. बाटली माझ्या मांडीवर.

म्हातारी पडवीत बसली होती. मावशीला बघून तिनं तोंड फिरवलं. काका उठून उभे राहिले आणि काय करावं न कळून परत बसले. आईनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. घरातून पितळेची ताटली मागून घेतली, तीत आजीच्या कुंकवाच्या तीन चिमट्या वेगवेगळ्या ठेवल्या. मला व्हाळाचं पाणी आणायला लावलं. एका चिमटीवर ते घातलं. पिवळी झाली. म्हातारी म्हणाली, "बघलंस? मी काय खोटा बोलतंय?"

"गप बस गे आये," असं माझी आई बहिणीच्या सासूला म्हणाली! दुसऱ्या चिमटीवर तिनं वाडीच्या विहिरीचं पाणी घातलं. ती लालच राहिली. मग बाटली उघडून तिसरीवर. पिवळी झाली, व्हाळाच्या पाण्यापेक्षाही लवकर.

म्हातारी वाकून बघत राहिली. "ह्या पाणी खयचा?"

"लालबागचा. आमच्या पत्र्यावरचा. वरसून पडता ता. तुझी सून काय ढगात जाऊन बसली हुती?" आता आईचा आवाज चढला. मग तिनं पश्चिमेकडे हात केला. पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो, आणि झाडांच्या वरून परळच्या धुराचा काळा पट्टा डोंगरीकडे येताना दिसत होता. "तो बघ. त्येच्यातसून पाऊस पडता. तुझ्यो कुर्ल्यो माझ्या भयणीन खाल्ल्यान नाय. माझ्या घोवाच्या गिरणीन खाल्ल्यान."

हे बोलून ती एकदम थांबली. आपण काय बोललो, ते तिला बोलल्यावर कळलं असावं. त्या गिरणीवर आमचं पोट होतं. मावशीनं महिनाभर आमच्याकडे खाल्लेली भाकरी त्याच धुराची होती.

म्हातारीनं चूक झाली वगैरे म्हटलं नाही. ती त्यातली नव्हती. ताटली उचलून तिनं अंगणात पाणी ओतलं, परत येऊन बसली, आणि मावशीकडे न बघता म्हणाली, "उभी कित्याक रवलस? चूल पेटय. पावण्यांक चाय नको?"

मावशी आत गेली. थोड्या वेळानं कौलांतून धूर निघाला. माझ्या आईनं तिथेच पडवीत पदर डोळ्यांना लावला आणि कपातला चहा थंड होऊ दिला. काकांनी दुसऱ्या दिवशी लालबागला येऊन ट्रंक नेली. तेवढं तरी स्वतः केलं, म्हणायचं.

वडिलांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज परत आला होता. ऐकून म्हणाले, "म्हणजे ते सार आमीच सांडलाव."

पुढची गोष्ट म्हातारीची. तिच्या डोक्यात त्या ताटलीनं घर केलं होतं. एके दिवशी ती म्हणाली, "कुंकवाक चुनो लागता. मगे व्हाळाक लागूचो नाय?" ही काही विद्या नव्हती, नुसता तर्क होता, आणि निम्मा राग. कोळीवाड्यात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे ढीग पडलेले असत. त्याच शिंपल्या भाजून चुना करतात. ती आणि मावशी टोपल्या भरून शिंपल्या आणायच्या आणि वरच्या कोंडीत, म्हणजे पाणी कातळातून निघून जिथे साठतं त्या डोहात, टाकायच्या. सासू पुढे, सून मागे. वाडीतल्या बायका हसल्या. रविवारी वडील जायला लागले, पोतं खांद्यावर घेऊन. गिरणीचा माणूस म्हणून आपला काही भाग आहे, असं त्यांना वाटत होतं. आठवड्यातून एक सुट्टी, ती त्यांनी शिंपल्या वाहण्यात घालवली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "व्हाळाक चुनो लावतंय." लोक एकमेकांना चुना लावतात, आम्ही ओढ्याला लावत होतो.

मध्ये मोठा हरताळ झाला. गिरण्या बंद, चिमण्या बंद. चाळीच्या गच्चीवरून कधी नव्हे ती शीवची टेकडी स्वच्छ दिसली. मी आनंदानं मावशीकडे धावले, आता व्हाळ बरा होईल म्हणून. पाणी तसंच नितळ, तसंच ओकं. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, गॅलरीत दिवे लागले, पेढे वाटले. व्हाळाला त्याचं काही नव्हतं.

त्याचं कारण मला फार पुढे कळलं. मी रसायनशास्त्र शिकले, ते शाळेत शिकवण्यात जन्म गेला, आणि त्या सगळ्याची सुरुवात त्या पितळेच्या ताटलीत आहे. दगडी कोळशाच्या धुरातलं गंधक पावसात मिसळलं की आम्ल होतं. ते एकदा पडून वाहून गेलं असतं तर निभावलं असतं. पण वर्षानुवर्षं ते रानाच्या मातीत मुरलं, आणि मातीतला चुना थोडा थोडा धुऊन घेऊन गेलं. गोगलगायीला शंखासाठी, कुर्लीला कवचासाठी लागतो तो हाच. मातीच रिती झाली. मग धूर थांबला तरी काय? मातीत पुन्हा चुना साठायला दगड झिजावा लागतो, आणि दगडाला कसली घाई? शिवाय आम्ल मातीतलं ॲल्युमिनियम बाहेर काढून पाण्यात सोडतं, माशांच्या कल्ल्यांत ते बसतं. हे सगळं मी वर्गात फळ्यावर लिहायची, आणि लिहिताना माझ्या नाकात कुर्ल्यांच्या साराचा वास यायचा.

शिंपल्यांचा उपयोग झाला का? वरच्या एका कोंडीत झाला. तिथे काही वर्षांनी गोगलगायी दिसल्या, चांगल्या टणक शंखाच्या. खाली काही नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा वडील निवृत्त झाले होते. साऱ्या गिरणगावावर जे ओढवलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आकाश साफ झालं आणि घरं उपाशी पडली. आम्हाला धड आनंदही करता आला नाही. डोंगरीचा वरचा भाग सरकारी कुंपणात गेला म्हणून रान वाचलं. मी अलीकडे परवानगी काढून गेले होते. तळाशी पानं कुजलेली होती. कुजलेली पानं बघून कोणाला आनंद झाला असेल, तर तो मला. एक दगड उचलला. खाली नखाएवढी कुर्ली होती. मी टोचून पाहिलं. कडक होती. मेली चावलीसुद्धा. मी रानात एकटीच थँक्यू थँक्यू म्हणत उभी राहिले, म्हातारचळ म्हणा हवं तर.

मावशीला मूल झालं नाही. तिनं पुढे कधी त्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही, आणि म्हातारीनं तो शब्द घरात येऊ दिला नाही. व्हाळालाही कोणी वांझ म्हटलं तर ती अंगावर जायची. म्हणायची, "दमलो आसा तो." पण तिच्या मनात सुनेबद्दल काय होतं, हे आम्हाला नक्की कधीच कळलं नव्हतं. ती काही बोलणारी नव्हती. गिरण्या बंद पडायच्या कितीतरी आधी, रस्त्यासाठी वाडी उठवली आणि त्यांना इमारतीत खोली मिळाली, त्या दिवशी ते कळलं.

नव्या घरात पहिलं पाऊल लेकुरवाळीनं टाकायचं, पाण्याचा कलश घेऊन, अशी आमच्याकडे रीत. काकांच्या चुलतभावाची बायको मुलांना नटवून आली होती, कलश तिच्याच हातात होता. मावशी सगळ्यांच्या मागे, जिन्यात, सामानाजवळ उभी. तिचे केस तेव्हा पांढरे व्हायला लागले होते. म्हातारीला दोघांनी धरून वर आणलं. उंबऱ्यापाशी येऊन तिनं त्या बाईच्या हातातला कलश काढून घेतला आणि मागे वळली.

"तू हय ये गो."

मावशी म्हणाली, "आये, माका नको. लोक काय म्हणतले?"

"लोकांक काय कळता? हिचो पायगुण मी बघलंय. माझ्या घरात आधी हीच जातली."

मावशीनं कलश घेतला, उजवं पाऊल टाकलं आणि आत गेली. आता म्हातारी मागोमाग जाईल असं आम्हाला वाटलं. ती गेली नाही. धरणाऱ्यांचे हात तिनं झटकले, दाराच्या चौकटीला धरून बाहेरच उभी राहिली, आणि जिला एकदा तिनं घराबाहेर काढलं होतं, तिला म्हणाली, "आता तू माका घरात घे."

मावशीनं कलश खाली ठेवला आणि तिला हाताला धरून आत नेलं.